जरा सिरियस आहे

वाईट बातमी सांगावी ती माझ्याच तोंडानं! हे मी म्हणत नाही, कुवेतमधला निम्मा मराठी समाज म्हणतो. उरलेला निम्मा माझा फोन उचलत नाही, एवढाच फरक.

त्याचं असं आहे, सांगलीत नाहीतर लातुरात कुणाचे वडील गेले, तर घरची मंडळी मुलाला फोन करत नाहीत. मुलगा परक्या मुलखात, हातात स्टिअरिंग असेल, डोक्यात ऑडिट असेल, त्याला एकदम कसं सांगायचं? मग त्याचा काका नाहीतर मेव्हणा मला फोन लावतो. "प्रसन्नराव, तुमच्या पद्धतीनं सांगा बरं का!" (माझं नाव प्रसन्न. आईवडिलांनी हौसेनं ठेवलं, त्यांना काय कल्पना!)

माझी पद्धत अशी. 'गेले' हा शब्द काढायचाच नाही. माणसाला खुर्चीत बसवायचं, गोड चहा द्यायचा आणि म्हणायचं, "बाबांची तब्येत जरा सिरियस आहे. एकदा भेटून ये." चार्जिंगच्या निमित्तानं त्याचा मोबाइल काढून घ्यायचा. तिकीट काढायचं, कंपनीकडून देशाबाहेर जायचं एक्झिट परमिट मंजूर करून घ्यायचं आणि विमानतळावर सोडायला आपण जायचं. वाटेत बोलायचं ते फक्त टाइल्सच्या भावाबद्दल, कारण मला तेवढंच येतं. समोरच्याला काय ते कळलेलं असतं, पण तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही. गावी पोचल्यावर दारात चपलांचा ढीग दिसतो आणि मग जो काही हंबरडा फुटायचा तो आपल्या माणसांत फुटतो. इतकी सुरेख व्यवस्था जगात दुसऱ्या कुठल्या समाजात नसेल!

याचा एक तोटा झाला. माझ्या तोंडून 'सिरियस' ऐकलं की लोक सुतकच धरायला लागले. गणपतीच्या हॉलच्या बुकिंगचा मामला जरा सिरियस आहे, असं मी फोनवर सहज म्हणालो, तर आमच्या मंडळातली जुईली सरपोतदार मटकन खाली बसली आणि तिच्या नवऱ्यानं पुण्याची तिकिटं बघायला घेतली!

आता कीथबद्दल सांगतो. कुवेतच्या राई भागात आमच्या कंपनीची टाइल्सची आणि बाथरूमच्या सामानाची शोरूम आहे, शहराबाहेर अम्गऱ्याला माल ठेवायचं यार्ड आहे. हिशेब मी बघतो, विक्री रत्नागिरीकडचा तौफीक परकार बघतो, आणि आम्हा दोघांवर ओरडायला इंग्लंडच्या उत्तरेकडून आणलेला कीथ हा मॅनेजर आहे.

पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "आय कुड मर्डर अ कप ऑफ टी!" मी दचकलो. चहाचा खून? मग कळलं, तलफ आली होती. दुसऱ्या दिवशी ट्रक उशिरा आला म्हणून तो ड्रायव्हरचं मुंडकं उडवणार होता. तिसऱ्या दिवशी एका बिलावरून मला जिवंत सोलणार होता. महिन्याभरानं लक्षात आलं, की हा माणूस झुरळसुद्धा कागदात गुंडाळून बाहेर नेऊन सोडतो. माझी मावशी नाही का, "मेल्या, तुझा मुडदा बसवला!" असं ओरडत तूपभात वाढायची? तशातला प्रकार.

पण मरणाच्या बाबतीत त्यानं कहर केला होता. माणूस मेला असं कीथ कधी म्हणायचाच नाही. एखादं जुनं गिऱ्हाईक वारलं की, "पॉप्ड हिज क्लॉग्ज!" म्हणजे गड्याचे लाकडी बूट गहाण पडले, आटोपला कारभार. कधी "किक्ड द बकेट," म्हणजे बादलीला लाथ मारली. कधी "पुशिंग अप द डेझीज," म्हणजे पठ्ठ्या जमिनीखालून फुलझाडं वर ढकलतोय. यांच्यात मेल्यावरही माणसाला काम! आणि कधी नुसतंच "ब्राउन ब्रेड." का, तर ब्रेडचं डेडशी यमक जुळतं. त्या दिवसापासून मी न्याहारीला पोळी खायला लागलो.

मी हे सगळं पाठ केलं. माझ्याच खात्यातलं होतं ना! देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, निजधामास गेले, हे आपले मऊ शब्द. तसे हे त्यांचे मऊ शब्द, असा मी सरळ हिशेब केला. एकदा संध्याकाळी घरी फ्रिज बंद पडला तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "पॉप्ड हिज क्लॉग्ज!" आणि वर अर्थही सांगितला. चारुता, म्हणजे माझी बायको, हातातली पळी ठेवून बाहेर आली. "ऐन तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलता? वास्तू तथास्तु म्हणत असते!" आमच्या घरात दिवा विझत नाही, तो शांत होतो. मी ऑफिसला 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अशा घरात मी ते लाकडी बूट आणले होते.

आणि मग तो गुरुवार उजाडला. कीथ सकाळीच अम्गऱ्याला गेला होता. स्पेनहून आलेल्या कंटेनरमधल्या टाइल्स फुटून आल्या होत्या. त्याचा मोबाइल टेबलावरच राहिला होता. तो वाजवाजून थकला, तेव्हा ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कीथची बहीण जिल होती, आणि ती रडत होती. त्यांची आई पहाटे झोपेतच गेली होती.

"कीथला मला फोन करायला सांगाल का?" ती म्हणाली. "आणि प्लीज, हळुवारपणे सांगा."

हळुवारपणे! बाई, नंबर अगदी बरोबर लागला! मी म्हटलं, "यू डोन्ट वरी, मॅडम. धिस इज माय लाइन."

कीथचा मोबाइल उचलून मी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. तौफीक समोरच बसला होता.

"काय झालं?"

"कीथची आई वारली."

"अरे अरे! इन्ना लिल्लाह..." तो उभाच राहिला. "मग फोन लाव ना यार्डात, सांग त्याला."

"असं कसं सांगू? पद्धत असते."

"प्रसन्न, तो गोरा माणूस. त्याला तुझी पद्धत काय समजणार? नसते धंदे करू नको, सांगून ठेवतो."

"तौफीकभाई, मरण सगळीकडे सारखंच," असं भारदस्त वाक्य टाकून मी गाडीची किल्ली घेतली.

यार्डात धुळीचे लोट उठले होते आणि त्यांच्या मधोमध कीथ लालबुंद होऊन उभा होता. (त्याचं बोलणं इथून पुढं मी मराठीत देतो, शिव्या गाळून. त्यामुळे ते बरंच लहान होईल.)

"त्या स्पेनवाल्याचा मी गळा दाबणार आहे!" तो मला बघताच म्हणाला.

"कीथ, आधी बस. चहा घे."

"कशाला?"

"बस तर." मी त्याला टाइल्सच्या खोक्यावर बसवलं, आवाज खाली आणला आणि खांद्यावर हात ठेवला. "कीथ, तुझ्या आईची तब्येत जरा सिरियस आहे."

बस्स! इथं आपला माणूस असता तर एव्हाना त्याचे ओठ थरथरायला लागले असते. कीथनं चहाचा घोट घेतला.

"पुन्हा? गेल्या नाताळात पण सिरियस होती. त्याच्या आधीच्या नाताळातही होती. काळजी करू नकोस, म्हातारी आम्हा सगळ्यांना पुरून उरेल!"

मी गोंधळलो. डोस वाढवला. "या वेळी जास्त सिरियस आहे. काही खात नाही म्हणे."

"जिलच्या हातचं जेवण तिनं आयुष्यात धड खाल्लेलं नाही."

"कुणाशी बोलतही नाही."

"मग रुसली असेल. माझ्या बापाशी दोन वर्षं बोलत नव्हती."

"कीथ, अगदी शांत पडून आहे!"

"आई? शांत?" कीथ हसायलाच लागला. "काय औषध दिलंय तिला? जिलला विचारायला हवं, आम्हाला तीस वर्षांपूर्वी कामाला आलं असतं!"

सांगा, या माणसाला काय करावं? मी तिकिटाचं बोललो, एक्झिट परमिटचं बोललो. तो म्हणाला, या फुटक्या टाइल्सचा निकाल लागू दे, पुढच्या महिन्यात सवडीनं जाईन. आपल्याकडे मंडळी मुलासाठी फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबतात. तिकडे ती माउली वाट बघत पडलेली, आणि हा इथं टाइल्स मोजतोय!

परतीच्या वाटेवर जहरा रोडला त्याचं आईपुराण सुरू झालं. म्हातारीनं एकदा चोर समजून पाद्र्याला छत्रीनं कसं बडवलं. ती पत्त्यांत लबाडी कशी करते. फोनवर पहिलं वाक्य नेहमी "अजून जिवंत आहेस का?" असंच कसं असतं. कीथ हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. मीही हसत होतो.

"माझा फोन कुठं आहे रे?" मध्येच त्यानं विचारलं.

"चार्जिंगला," मी म्हटलं.

शोरूममध्ये शिरल्याबरोबर तो कॉम्प्युटरसमोर बसला. आईला फुलं पाठवायची होती. पिवळी, मोठी, भरपूर. सोबतच्या कार्डावर त्यानं मजकूर लिहिला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवला, "खबरदार, म्हातारे, मी यायच्या आधी क्लॉग्ज पॉप केलेस तर! जीव घेईन तुझा!"

आणि त्यानं बटणावर बोट नेलं.

डोळ्यांसमोर सगळं चित्र आलं. आई गेलेलं घर, दारात फुलंवाला, आणि ते कार्ड वाचणारी जिल! "थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की वॉशबेसिन बघत असलेलं एक कुवेती जोडपं मागं वळलं.

"काय झालं?"

"फुलं पाठवू नकोस. ती... ती तिथं नाहीये."

"नाहीये? मग कुठं आहे?"

आता काय सांगू? इंग्रजीत मऊ शब्द सुचेना. म्हणून मग आपलाच उचलला. "ती देवाच्या घरी गेली. गॉड्स होम."

कीथ हळूहळू उभा राहिला. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, कळलं बिचाऱ्याला!

"होम?" तो ओरडला. "जिलनं तिला होममध्ये टाकलं? वृद्धाश्रमात? त्या नन्सच्या? आईला घरीच मरायचं होतं, तिनं मला हजारदा सांगितलंय! मला न विचारता? म्हणून ती जेवत नाही! म्हणून बोलत नाही! मी जिलला ठार मारीन!"

आणि त्यानं ऑफिसचा फोन उचलून नंबर फिरवायला सुरुवात केली.

मी टेबलावर झेपावलो. पेनस्टँड, स्टेपलर, टाइल्सचे नमुने, सगळं खाली! कीथ एका हातानं मला ढकलतोय, मी दोन्ही हातांनी फोन दाबून धरलाय, तौफीक मागून म्हणतोय, "सांग रे त्याला, सांगून टाक आता!" पलीकडे ती बहीण सकाळपासून एकटी रडत बसलेली. हा तिला काय काय बोलणार होता! माझी पद्धत, माझी कीर्ती, सगळं विसरून मी डोळे मिटले आणि जो शब्द आधी सापडला तो फेकला. त्याच्याच भाषेतला मऊ शब्द!

"कीथ! युवर मदर इज ब्राउन ब्रेड!"

कीथनं ढकलायचं थांबवलं. त्याला नीट ऐकू आलं नसेल, असं वाटून मी, मूर्खानं, पुढं जोडलं, "पॉप्ड हर क्लॉग्ज. टुडे मॉर्निंग."

असं वाटलं, आता हा माझी चटणी करणार. जे काही इतकी वर्षं तोंडानं करत होता ते हातानं करणार, आणि तेही रास्तच होतं. पण कीथनं रिसीव्हर जागेवर ठेवला, दोनदा ठेवावा लागला, नीट बसेना. मग तो मागं मागं सरकत गेला आणि प्रदर्शनाला मांडलेल्या पांढऱ्या कमोडवर बसला.

"मेली?" तो म्हणाला. "आई मेली?"

इतके शब्द होते त्याच्याकडे! एकही काढला नाही त्यानं. साधा शाळेतल्या पोराला येतो तोच शब्द त्यानं दोनदा उच्चारला आणि ओंजळीत तोंड घातलं.

ते कुवेती जोडपं पाय न वाजवता निघून गेलं. तौफीकनं दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि पाण्याची बाटली आणून कीथच्या पायाशी ठेवली. मी शेजारच्या कमोडवर बसलो. दुसरं बसायला तिथं काही नव्हतं.

पाण्याचे दोन घोट घेऊन कीथनं विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"सकाळपासून."

"आणि माझा फोन?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलपात."

"मी जीव घेईन तुझा," तो म्हणाला, पण आवाजात काही दम नव्हता. "का केलंस असं?"

मग मी त्याला सगळी पद्धत सांगितली. गोड चहा, सिरियस, मोबाइल, टाइल्सचे भाव, दारातल्या चपला. मला माझीच लाज वाटत होती. इतकं पोरकट वाटत होतं ते सगळं इंग्रजीत!

"आणि लोक विश्वास ठेवतात याच्यावर?"

"छे! कुणीच ठेवत नाही."

"मग उपयोग काय?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "घरी पोचेपर्यंत, वाटलं तर, जिवंत आहेत असं धरून चालता येतं. एवढंच."

कीथनं बाटलीचं झाकण लावलं. "म्हणजे पाद्र्याची गोष्ट मी तुला सांगत होतो तेव्हा ती गेलेली होती."

"हो."

"माझ्यासाठी ती जिवंत होती," तो म्हणाला. नाक शिंकरलं. "पूर्ण सकाळ. वाईट नाहीये रे तुमची पद्धत." आणि पुन्हा रडायला लागला. मीही रडलो. तौफीक तर आधीपासूनच रडत होता.

त्याच रात्री मी धावपळ करून त्याला विमानात बसवलं. सकाळपर्यंत पोचायलाच हवं ना! पोचल्यावर त्याचा मेसेज आला, अंत्यविधी तीन आठवड्यांनी आहे. तिकडे म्हणे तारीख मिळावी लागते, आपल्याकडच्या मंगल कार्यालयासारखी! इतकी घाई करून मी त्याला नुसता पावसात बसायला पाठवला होता.

तो परत आल्यावर आमच्यात फरक असा काही पडला नाही. ड्रायव्हरांची मुंडकी उडणं चालू झालं, मला सोलणं चालू झालं. फक्त गिऱ्हाईक वारलं की तो क्लॉग्जपर्यंत यायचा, माझ्याकडे बघायचा आणि गप्प व्हायचा.

थंडीच्या दिवसांत चारुता भाचीच्या लग्नासाठी साताऱ्याला गेली होती. एका सकाळी मी ऑफिसला आलो, तर माझ्या टेबलावर चहा. कीथनं स्वतः केलेला! या माणसानं मी ओळखतो तेव्हापासून स्वतःची बशीसुद्धा उचललेली नव्हती.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. तौफीक आला आणि म्हणाला, "तुझा मोबाइल दे जरा, चार्जिंगला लावतो." बॅटरी भरलेली होती. मी दिला.

कीथनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रसन्न, तुझ्या वडिलांची तब्येत जरा सिरियस आहे. एकदा भेटून ये."

मी चहाचा एक घोट घेतला. मग विचारलं, "कीथ, हे तू तुमच्या पद्धतीनं सांगतोयस की आमच्या?"

त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. "आमच्या," तो म्हणाला. "साधं सिरियस. म्हातारा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल."

आणि काय सांगू तुम्हाला, माझा जीव भांड्यात पडला! आयुष्यभर हाच धंदा केलेला मी! चहा समोर, मोबाइल गायब, तौफीक माझ्याच फोनवर एक्झिट परमिटचा अर्ज भरतोय, कीथ पलीकडे बसून तो मंजूर करतोय. सगळं दिसत होतं. तरी म्हटलं, गोरा माणूस आहे, खोटं कशाला बोलेल? त्यांच्यात सिरियस म्हणजे सिरियसच! विमानतळावर सोडायला तो स्वतः आला. वाटेत टाइल्सचे भाव सांगत होता, तेही गेल्या वर्षीचे. विमानतळावर मी बाबांसाठी बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घेतला. हॉस्पिटलात एसीनं गारठतील, आणि सलाइन लावलेलं असलं तर बाह्यांतून हात जायचा नाही, म्हणून. मुंबईहून गाडी केली. वाटेत ड्रायव्हरला बाबांच्या दोन गोष्टी सांगितल्या, आम्ही दोघंही हसलो.

कराडला आमच्या गल्लीत गाडी वळली आणि दारात चपलांचा ढीग दिसला.

बाबा त्या चहाच्या आदल्या रात्रीच गेले होते. चारुतानं फोन मला नाही, कीथला केला होता. "ह्यांना ह्यांच्याच पद्धतीनं सांगा," म्हणाली होती.

महिन्यानं परत आलो तेव्हा कीथ विमानतळावर उभा होता. माझी बॅग त्यानंच गाडीत टाकली. मग पुढं बघत चालवता चालवता विचारलं, "कसं केलं मी?"

"एकदम चोख," मी म्हटलं.

चहात साखर फार झाली होती खरी. पण ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही सांगू नका, इतकं मनापासून केलं होतं हो त्यानं!